दहा मीटरचा लहरी बँड: नव्या हॅमनं सुरुवात कशी करावी

हौशी रेडिओवाल्यांत, म्हणजे हॅम लोकांत, दहा मीटरच्या बँडबद्दल (लहरींच्या पट्ट्याबद्दल) बोलणारी दोन प्रकारची माणसं भेटतात. एक सांगतो, ‘गच्चीवर साधी तार होती आणि दहा वॅटमध्ये ब्राझील लागला.’ दुसरा वैतागून म्हणतो, ‘आठवडाभर कान लावून बसलो, नुसती खरखर!’ दोघंही खरं बोलत असतात. २८ ते २९.७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा ४० मीटरच्या पट्ट्यासारखा रोज ठरल्या वेळी हजर नसतो. तो उघडतो तेव्हा मोठमोठ्या अँटेनावाल्यांच्या बरोबरीनं तुमचाही आवाज जातो. बंद असतो तेव्हा किलोवॅट ओतूनही काही होत नाही.

म्हणून नव्यानं येणाऱ्याला माझं पहिलं सांगणं असं की पैसे पॉवरवर घालवू नका. बँड आत्ता कुठे उघडा आहे, हे पाच मिनिटांत ओळखायला शिका. इथे तेच मुख्य कसब आहे, म्हणून पुढच्या मजकुराचा मोठा भागही त्यालाच दिला आहे.

आधी थोडं आभाळाकडे

दहा मीटरवरचे लांबचे संपर्क बहुतेक दोन वाटांनी होतात.

पहिली वाट एफ२ थराची. हा थर जमिनीपासून साधारण २५० ते ४०० किलोमीटर उंचीवर असतो आणि सूर्याच्या अतिनील किरणांनी भारला जातो. तो पुरेसा दाट असेल तरच २८ मेगाहर्ट्झची लहर परत खाली वळते, नाहीतर सरळ अवकाशात निघून जाते. वळली, तर एका उडीत ३,००० ते ४,००० किलोमीटर. हा दाटपणा सूर्यडागांच्या साधारण ११ वर्षांच्या चक्राबरोबर वाढतो आणि ओसरतो. सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि २०२४ मध्ये माथ्यावर पोचलं. आता उतार आहे, पण चक्राचा उतार चढापेक्षा लांब आणि रेंगाळत असतो, त्यामुळे ‘उशीर झाला’ म्हणून अँटेना न लावण्याचं कारण नाही.

दुसरी वाट स्पोरॅडिक-ई. ९० ते १२० किलोमीटर उंचीवर अचानक दाट, पातळसा पापुद्रा तयार होतो. तो सूर्यडागांना फारसा विचारत नाही. एका उडीत जास्तीत जास्त २,००० किलोमीटरच्या आसपास. उत्तर गोलार्धात याचा मुख्य हंगाम मे ते ऑगस्ट. सिग्नल एकदम जोरात येतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत गायबही होऊ शकतो. चक्राच्या तळाच्या वर्षांतही दहा मीटर पुरता मरत नाही, तो याच्यामुळे.

आपल्याला एक भौगोलिक लाभही आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. १९६३ मध्ये तिरुवनंतपुरमजवळ थुंबा इथे रॉकेटतळ झाला, तोही याच कारणानं. या रेषेवरचे आयन दिवसा वर उचलले जातात आणि उत्तर-दक्षिणेला पंधरा-वीस अंशांवर खाली उतरतात, त्यामुळे तिथे एफ२ थर विशेष दाट होतो. महाराष्ट्र आणि गुजरात या दाट पट्ट्याच्या आसपास येतात. युरोपातले हॅम ज्या दिवशी ‘बँड बंद’ म्हणून रिग (रेडिओ संच) बंद करतात, त्या दिवशीही आपल्याकडे तो दुपारी-संध्याकाळी चालू सापडू शकतो.

हंगामाचं गणित आपल्या पंचांगावर चांगलं बसतं. एफ२ साठी दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ पकडा, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर स्पोरॅडिक-ईकडे लक्ष ठेवा.

पायरी १: परवाना आणि कान

प्रक्षेपणासाठी दूरसंचार विभागाचा हौशी रेडिओ परवाना लागतो. त्याशिवाय मायक्रोफोनचं बटण दाबायचं नाही. आपल्याकडे जनरल आणि रिस्ट्रिक्टेड अशा दोन श्रेणी आहेत. तुमच्या श्रेणीला या बँडवर किती पॉवर चालते ते परवान्यासोबतच्या तक्त्यात पाहा. नियमांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून मित्राच्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका.

परवान्याची वाट पाहत असाल तर तो काळ ऐकण्यात घालवा. दहा मीटरची एक गंमत म्हणजे टीव्हीचे स्वस्त यूएसबी डोंगल, ज्यांना सगळे आरटीएल-एसडीआर म्हणतात, ते साधारण २४ मेगाहर्ट्झपासून वर नीट चालतात. ४० किंवा २० मीटर ऐकायला त्यांना वेगळी जोडणी लागते, २८ मेगाहर्ट्झला लागत नाही. तेवढंही नको असेल तर इंटरनेटवरून ऐकता येणारे रिसीव्हर आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २९ मेगाहर्ट्झच्या किंचित वरपर्यंत ऐकवतो आणि जगभर विखुरलेले किवीएसडीआर ३० पर्यंत. पुढे परवाना आला की स्वतःचा सिग्नल युरोपात पोचतोय का, हेही याच ट्वेंटेच्या रिसीव्हरवर ऐकून पाहता येईल.

पायरी २: अडीच-अडीच मीटरच्या दोन तारा

४० मीटरचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन बाहूंची तार, टांगायला वीस मीटर मोकळी जागा लागते. इथे पाच मीटर पुरतात. सूत्र सोपं: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. २८.४ साठी एकूण लांबी ५.०३ मीटर, म्हणजे प्रत्येक बाहू साधारण २.५२ मीटर.

वायरिंगच्या दुकानातली पीव्हीसी आवरणाची साधी तांब्याची वायर घ्या. आवरणामुळे तार विजेच्या हिशेबानं थोडी ‘लांब’ होते, म्हणजे शेवटी सूत्रापेक्षा थोडी आखूडच लागेल. तरी सुरुवात २.६ मीटरनं करा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळली ते सांगणारा आकडा) पाहत कापत या. दोन्ही टोकांकडून एकेक सेंटीमीटर कमी केलं की अँटेना साधारण १०० किलोहर्ट्झ वर सरकते. कापलेली तार परत जोडण्यात मजा नाही, म्हणून सेंटीमीटर-सेंटीमीटरनंच जा. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) कुणाकडे मिळाला तर तासाभराचं काम दहा मिनिटांत होतं.

मधल्या जोडापाशी रिगकडे जाणाऱ्या कोअॅक्स केबलचे सहा-आठ वेढे गोल बांधून टाका. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून वाहणारा करंट त्यानं बराच अडतो. केबलची लांबी जपा. बारीक आरजी-५८ तीस मीटर वापरली तर २८ मेगाहर्ट्झवर जवळपास ४० टक्के पॉवर वाटेतच मुरते. खोली गच्चीपासून लांब असेल तर जाड आरजी-२१३ घ्या. तिचा खर्च अॅम्प्लिफायरपेक्षा कितीतरी कमी आणि फायदा ऐकतानाही होतो.

उंची? अर्धी तरंगलांबी म्हणजे पाच मीटर मिळाली तरी सुरुवात उत्तम. गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी एक बांबू उभा केला तरी जमून जातं. सोसायटीच्या अध्यक्षांना आधी विचारा, आणि ‘रेडिएशन’ या विषयावर अर्धा तास बोलायची तयारी ठेवा. बांबू किंवा तार पडलीच तरी विजेच्या तारांवर जाणार नाही एवढं अंतर हवंच, यात तडजोड नाही. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की केबल रिगमधून काढून खिडकीबाहेर ठेवायची.

दिशा ठरवताना: डायपोल आपल्या लांबीच्या काटकोनात सर्वांत चांगला चालतो. पुण्याहून मध्य युरोप वायव्येला आहे आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया आग्नेयेला. म्हणजे तार ईशान्य-नैऋत्य ताणली तर दोन्ही एकदम साधतात. मात्र जपान बरोबर ईशान्येला, तारेच्या टोकाच्या रेषेत येतो, तिथे सिग्नल कमी जाईल. मधला भाग उंच आणि दोन्ही टोकं खाली अशी उलट्या व्हीच्या आकारात लावली तर हा भेद थोडा बोथट होतो.

कोकणात किंवा गोव्यात समुद्रालगत राहत असाल तर मी डायपोलच्या भानगडीत पडणार नाही. अडीच मीटरची एक उभी काठी, तिच्यावर तार आणि पायाशी तेवढ्याच लांबीच्या चार तारा पसरलेल्या. खाऱ्या पाण्याशेजारी उभी अँटेना क्षितिजालगतच्या कोनात असा काही सिग्नल टाकते की घाटमाथ्यावरच्या माणसानं हेवा करावा.

पायरी ३: घरातला गोंगाट मोजा

दहा मीटरवर निसर्गाची खरखर मुळात कमी असते. रिगचा एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा काटा) काहीही ऐकू येत नसताना ६-७ दाखवत असेल तर तो गोंगाट बहुधा तुमच्याच इमारतीतला आहे. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सेट-टॉप बॉक्सचा अॅडाप्टर, सोलर पॅनलची यंत्रणा हे नेहमीचे संशयित. रिग बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच बंद करा आणि मीटर पाहा. खाली आला तर एकेक एमसीबी वर करत चोर शोधा. नाही आला तर शेजाऱ्यांकडे आहे, मग अँटेना इमारतीपासून जेवढी लांब नेता येईल तेवढी न्या. हे न करता बँडला शिव्या देणारे पुष्कळ आहेत.

पायरी ४: बँड उघडा आहे का?

आता मुख्य गोष्ट. रिग सीडब्ल्यू (मोर्स) मोडमध्ये २८.२०० मेगाहर्ट्झवर लावा आणि सेकंदकाटा दिसणारं, इंटरनेटशी जुळवलेलं घड्याळ समोर ठेवा.

या एका फ्रिक्वेन्सीवर जगभरातले १८ बीकन, म्हणजे आपोआप खूण देणारी केंद्रं, पाळीपाळीनं बोलतात. उत्तर कॅलिफोर्निया डीएक्स फाउंडेशन आणि आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघ यांचा हा प्रकल्प आहे. प्रत्येकाला १० सेकंद, आणि पूर्ण फेरी तीन मिनिटांत. फेरी दर तासाच्या ठोक्याला सुरू होते आणि मग दर तीन मिनिटांनी पुन्हा. बीकन आधी मोर्समध्ये आपलं कॉलसाइन (ओळखीची अक्षरं) देतो, मग एकेक सेकंदाचे चार लांब सूर. कॉलसाइन आणि पहिला सूर १०० वॅटवर, दुसरा १० वॅट, तिसरा १ वॅट, चौथा एक दशांश वॅट.

मोर्स येत नसेल तरी अडत नाही, कारण कोण बोलतंय ते घड्याळच सांगतं. आपल्या कामाचे बीकन फेरी सुरू झाल्यापासून या वेळेला येतात:

ऑस्ट्रेलिया, पर्थजवळ (व्हीके६आरबीपी): १ मिनिट ३० सेकंद
जपान (जेए२आयजीवाय): १ मिनिट ४० सेकंद
रशिया, नोव्होसिबिर्स्क (आरआर९ओ): १ मिनिट ५० सेकंद
हाँगकाँग (व्हीआर२बी): २ मिनिटं
श्रीलंका (४एस७बी): २ मिनिटं १० सेकंद
दक्षिण आफ्रिका (झेडएस६डीएन): २ मिनिटं २० सेकंद
केनिया (५झेड४बी): २ मिनिटं ३० सेकंद
इस्रायल (४एक्स६टीयू): २ मिनिटं ४० सेकंद
फिनलंड (ओएच२बी): २ मिनिटं ५० सेकंद

एखादा बीकन दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, म्हणून एकाच्या गप्प राहण्यावरून निष्कर्ष काढू नका.

ऐकलेल्याचा अर्थ असा लावायचा. पर्थचा तिसरा सूरही कानाला लागला, म्हणजे तिथला १ वॅट तुमच्या तारेपर्यंत पोचतोय. मग तुमच्या २० वॅटना तिकडे जायला अडचण काय? अॅम्प्लिफायर हवा की नको, हा वाद इथेच मिटतो.

श्रीलंकेच्या बीकनकडे मी विशेष लक्ष देतो. पुण्याहून कोलंबो दीड हजार किलोमीटरच्या आत आहे. एरवी ते अंतर ‘स्किप’च्या आत पडतं, म्हणजे लहर डोक्यावरून पुढे निघून जाते आणि जवळचा माणूस ऐकू येत नाही. (याच कारणानं पुण्याचा हॅम पर्थशी बोलतो आणि नागपूरच्याला ऐकू शकत नाही.) कोलंबो जोरात येऊ लागलं तर एकतर स्पोरॅडिक-ई जागा झालाय किंवा एफ२ फारच दाट झालाय. दोन्ही वेळी चहा बाजूला ठेवून रिगपाशी बसावं.

दिवसाचा ढोबळ क्रम सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो. सकाळी ७ ते १० जपान, कोरिया, इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया. दुपारी आग्नेय आशिया आणि रशियाचा आशियाई भाग. २ नंतर आधी पूर्व युरोप आणि मग पश्चिम युरोप. सूर्यास्ताच्या आसपास आफ्रिका, आणि चांगल्या दिवशी ७-८ च्या सुमारास दक्षिण अमेरिका व अमेरिकेचा पूर्व किनारा, कारण तेव्हा तिथे सकाळ झालेली असते. रात्री साधारण सामसूम.

सौर आकड्यांचं वेड लावून घेऊ नका, पण दोन पाहा. कॅनडातल्या पेन्टिक्टन इथे १०.७ सेंटीमीटर तरंगलांबीवर मोजला जाणारा सौर फ्लक्स (सूर्याच्या रेडिओ लहरींचा जोर): १२० च्या वर गेला की आशा धरावी, १५० च्या वर रोज हजेरी लावावी. आणि के-निर्देशांक: ५ किंवा जास्त म्हणजे भूचुंबकीय वादळ. मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखमधल्या हानलेहून तांबडा अरोरा टिपला गेला, तसल्या दिवसांत बँडचा भरवसा नसतो. दिवसा मोठी सौरज्वाला झाली तर काही मिनिटांत सगळं एकदम शांत होतं. रिग बिघडली समजून पेचकस काढू नका, तासाभरानं पुन्हा ऐका. खालच्या बँडांच्या आधी दहा मीटर सावरतो.

पायरी ५: पहिला संपर्क

माझा सल्ला, पहिले काही संपर्क एफटी८ या संगणकावर चालणाऱ्या संदेशपद्धतीनं करा. फ्रिक्वेन्सी २८.०७४, मोड यूएसबी (अपर साइडबँड). ही पद्धत २०१७ मध्ये आली, आणि तिच्या दोन कर्त्यांपैकी जोसेफ (जो) टेलर हे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. कान जिथे हार मानतो त्याच्या पुष्कळ खालचे सिग्नल ती उलगडते. १५ सेकंदांच्या पाळ्या असतात, म्हणून संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं. ‘मला काहीच डीकोड होत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं. पॉवर १०-२० वॅट ठेवा, आणि ऑडिओ एवढाच द्या की रिगचा एएलसीचा (ऑडिओ जास्त झाल्याचं दाखवणारा) काटा हलणार नाही.

ग्रिड लोकेटर (ठिकाणाची सांकेतिक खूण) विचारतील: पुणे एमके६८, मुंबई एमके६९, पणजी एमके६५, कोल्हापूर एमके७६, नागपूर एमएल९१.

एकदा सीक्यू (कुणीही उत्तर द्या, अशी हाक) दिल्यावर पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर तुम्हाला कुठे कुठे ऐकलं ते दिसतं. सीक्यूला कुणी उत्तर दिलं नाही तरी हा नकाशा तुमच्या अँटेनाचं प्रगतिपुस्तक आहे.

पण तिथेच राहू नका. एफटी८ मुळे एक वाईट सवय लागली आहे: सगळे २८.०७४ वर गर्दी करतात आणि उघडा बँड वर ओस पडलेला असतो. एफटी८ चे रिपोर्ट (सिग्नलच्या जोराचे आकडे) शून्याच्या वर, प्लसमध्ये यायला लागले की एसएसबीवर, म्हणजे आवाजी संपर्कावर, जा. २८.३०० ते २८.६०० मध्ये फिरा, २८.४०० च्या आसपास सीक्यू द्या. बँड रिकामा वाटला तरी द्या. अनेकदा शंभर जण ऐकत असतात आणि बोलत कुणीच नसतं. ‘फ्रिक्वेन्सी वापरात आहे का’ असं एकदा विचारा, मग दोन-तीनदा सीक्यू, कॉलसाइन फोनेटिकमध्ये (अल्फा, ब्राव्हो अशा शब्दांत), आणि पाच सेकंद थांबून ऐका.

उत्तर आलं तर थोडक्यात आटपा. कॉलसाइन, रिपोर्ट, नाव, गाव. हवामान, रिगचं मॉडेल, नातवंडांची चौकशी हे २० मीटरवर. इथे सिग्नल कधी तुटेल सांगता येत नाही, आणि दोन्ही कॉलसाइन व रिपोर्ट पोचले नसतील तर संपर्क धरला जात नाही.

कधीकधी देशातलाच एखादा हॅम अगदी पोकळ, पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. तो सरळ येत नसतो. दोघांची लहर दूर कुठेतरी जमिनीवर किंवा समुद्रावर आपटून विखरत मागे येते. याला बॅकस्कॅटर म्हणतात. दोघांनी अँटेना एकमेकांकडे वळवण्याऐवजी जिकडे बँड उघडा आहे तिकडे वळवली की आवाज सुधारतो.

२८ मेगाहर्ट्झच्या खालच्या भागात मधूनच अनोळखी भाषेतल्या गप्पा किंवा एकसुरी टुंटुं ऐकू येईल. सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओवाले आणि मच्छीमार बोटींचे संच इथे घुसखोरी करतात. त्यांच्याशी वाद घालू नका, बाजूला सरका. पण असा आवाज लांबून येतोय म्हणजे बँड उघडा आहे, ही फुकटची खबर घ्या.

जमलं की पुढे

डिसेंबरच्या दुसऱ्या पूर्ण शनिवार-रविवारी अमेरिकन रेडिओ रिले लीगची फक्त दहा मीटरची स्पर्धा असते. बक्षीस मिळवायचं नसलं तरी त्या दोन दिवसांत रिग चालू ठेवा. ज्या बँडवर एरवी तिघं असतात तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि जो तो तुमच्या कॉलसाइनमधल्या व्हीयू या भारतीय उपसर्गाच्या शोधात असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस होणारी सीक्यू वर्ल्डवाइड एसएसबी स्पर्धाही तशीच.

एफएमची हौस असेल तर २९.६०० वर कान ठेवा. बँड चांगला उघडला की हँडसेटवरच्या गप्पांसारख्या स्वच्छ आवाजात हजारो किलोमीटरवरचा माणूस येतो. मात्र २९.३०० ते २९.५१० हा पट्टा उपग्रहांसाठी राखलेला आहे, तिथे बोलू नका.

लॉगमध्ये वेळ यूटीसीत लिहा, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. सकाळी साडेपाचच्या आधीचा संपर्क असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते, आणि लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन नोंदवहीवर जुळणी अडते ती बहुतेक याच तारखेपायी. संपर्काशेजारी त्या दिवशीचा फ्लक्स आणि कोणते बीकन ऐकू आले तेही टिपून ठेवा. एक हंगाम गेला की तुमच्या गच्चीवरून कोणता देश कोणत्या वेळेला लागतो, याचं वेळापत्रक त्याच वहीतून काढता येईल.